यादीतलं नाव : अजून न झालेल्या गाण्यांचे आगाऊ पैसे

  बोलताना जिथं अडखळलो तेवढं इथं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय पैशांचा आहे. एखादा बँड चाहत्यांना सांगतो, की पुढच्या वर्षभरात आम्ही नवी गाणी करणार आहोत. कशी असतील ते आम्हालाही अजून माहीत नाही. पण पैसे आत्ता द्या, गाणी जशी होतील तशी तुम्हाला डाउनलोड करायला मिळतील. आणि काही हजार माणसं खरोखर पैसे देतात. हातात वस्तू नाही, वस्तू झालेलीही नाही, आणि झाली तरी ती एक फाइल असणार. माझ्या ओळखीत असे पैसे देणारे आहेत, मी स्वतः त्यातला आहे, आणि घरी "कशाचे पैसे भरलेस?" या प्रश्नाला नीट उत्तर देता न येणं म्हणजे काय, हेही मला चांगलं माहीत आहे.

तसं आगाऊ पैसे देणं मराठी माणसाला नवं नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत आपण ग्रंथ घेत आलो. मासिकाची वार्षिक वर्गणी म्हणजे तरी काय, न लिहिलेल्या लेखांचे पैसेच. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला तो गावोगाव फिरून, भाग विकणारे आणि वर्गणीदार जमवणारे नेमून. तेवीस खंडांचं काम, आणि पैसे देणाऱ्यांच्या हातात सुरुवातीला फक्त एक माहितीपत्रक. केतकरांनी पुढं या सगळ्या उद्योगाचा हिशेब मांडणारं वेगळं पुस्तकच लिहिलं. एवढं मोठं काम उभं राहिलं याचं एक कारण त्यांच्या वहीत होतं. कोणत्या गावी कोण वर्गणीदार आहे याची नावं त्यांच्याकडे होती.

ही नावांची यादी लक्षात ठेवा. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे त्यात बँड बदलतील, देश बदलतील, पण प्रत्येक वेळी मी हेच विचारणार आहे : यादी कुणाकडे आहे, आणि पैसे कुणाकडे आहेत?

सुरुवात व्हिएन्नापासून करू, कारण संगीतात ही पद्धत इंटरनेटच्या कितीतरी आधी तिथं रुळलेली होती. जानेवारी १७८३. मोझार्ट सत्तावीस वर्षांचा होतोय, नोकरी सोडून व्हिएन्नात स्वतःच्या बळावर राहतोय, नुकतंच लग्न झालंय. 'वीनर झायटुंग' या वर्तमानपत्रात तो जाहिरात देतो : पियानोच्या तीन नव्या कॉन्चेर्तोंच्या हस्तलिखित प्रती, नकलेवर स्वतः संगीतकाराची देखरेख, किंमत ४ डुकाट, २० मार्चपर्यंत नाव नोंदवा, प्रती एप्रिलच्या सुरुवातीला. जाहिरातीत एक व्यावहारिक गोष्टही आहे. ही रचना मोठ्या वाद्यवृंदासह वाजवता येईल, आणि वाद्यवृंद नसेल तर नुसत्या चार तंतुवाद्यांबरोबरही. म्हणजे घरच्या दिवाणखान्यात वाजवणारा हौशी गिऱ्हाईकही त्याच्या डोळ्यांसमोर होता.

वडील लिओपोल्ड साल्झबर्गहून म्हणाले, किंमत जास्त आहे. मोझार्टनं उत्तर पाठवलं त्याचा आशय असा, की एका कॉन्चेर्तोला एक डुकाट तरी मिळायलाच हवा, आणि एवढ्या पैशांत कुणी बाहेरून नक्कल तरी करून घेऊन दाखवावी. युक्तिवाद बरोबर होता. पण नावं येईनात. आणि गंमत अशी, की येणाऱ्या वर्गणीच्या भरवशावर त्यानं आधीच कर्ज काढून ठेवलं होतं. १५ फेब्रुवारीला तो बॅरोनेस वाल्डश्टेटेन या आपल्या आश्रयदातीला पत्र लिहितो : सावकार थांबायला तयार नाही, कोर्टात जाईन म्हणतो, मदत करा. त्या कॉन्चेर्तो छापून यायला १७८५ उजाडलं, आणि छापल्या त्या आर्टारिया या प्रकाशकानं.

पुढच्याच वर्षी मात्र चित्र पालटलं. मार्च १७८४ मध्ये मोझार्टनं ट्राटनरहोफ इमारतीत तीन बुधवारी कार्यक्रम ठेवले आणि त्याचे वर्गणीदार झाले १७४. ही पूर्ण यादी त्यानं वडिलांना पत्रातून पाठवली, आणि दुसऱ्या दोघा कलावंतांची मिळून जेवढी नावं आहेत त्यापेक्षा आपली तीस जास्त आहेत, असं फुशारकीनं कळवलं. ही यादी आजही वाचता येते. सरदार, उमराव, बँकवाले, अधिकारी. व्हिएन्नाचा वरचा थर जणू एका कागदावर.

१७८८ मध्ये त्यानं तीन स्ट्रिंग क्विंटेट अशाच आगाऊ वर्गणीनं जाहीर केली. किंमत पुन्हा ४ डुकाट. जूनमध्ये जाहिरात द्यावी लागली, की वर्गणीदार फारच थोडे असल्यामुळं प्रकाशन जानेवारी १७८९ पर्यंत पुढं ढकललं आहे. आणि १७८९ च्या जुलैमध्ये, कार्यक्रमांसाठी नावनोंदणीची यादी दोन आठवडे फिरवून परत आली तेव्हा तिच्यावर एकच नाव होतं : व्हान स्वीटेन. पाच वर्षांत १७४ वरून एकावर.

संगीत काही वाईट झालं नव्हतं. ज्या क्विंटेटना गिऱ्हाईक मिळालं नाही त्यातलं जी मायनरमधलं क्विंटेट आज त्याच्या सर्वोत्तम कामात मोजलं जातं. मग काय झालं? १७८८ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रिया तुर्कांविरुद्धच्या युद्धात उतरला, महागाई वाढली, पुष्कळ सरदार घराणी व्हिएन्नातून हलली. यादीतली माणसंच उठून गेली. आणि त्यांच्या पलीकडच्या, दुसऱ्या गावांतल्या हौशी वादकांपर्यंत पोचायला मोझार्टकडे एक वर्तमानपत्र आणि चार ओळखी यापलीकडे काही नव्हतं. मला तर वाटतं, त्याला पैशांपेक्षा पत्त्यांची टंचाई होती.

बेथोव्हेनचं गणित सुरुवातीला चांगलं जमलं. १७९५ मध्ये त्याची पहिली तीन पियानो त्रिकं वर्गणीनं निघाली. १२३ वर्गणीदारांनी २४१ प्रती घेतल्या, आणि वर्गणीदारांची नावं प्रतीतच छापली. नाव छापून येणं हा त्या वर्गणीचा मोठा भाग होता हे उघड आहे. आपण कुणाच्या पंक्तीला बसलोय हे लोकांना दिसायचं. १८२३ मध्ये मिस्सा सोलेम्निससाठी मात्र त्यानं थेट युरोपातल्या राजदरबारांना पत्रं धाडली, हस्तलिखित प्रत ५० डुकाटना. खटपट खूप केली, वर्गणीदार मिळाले दहा.

इथून पुढची दीडशे वर्षं मी भराभर ओलांडतो. आधी संगीत-प्रकाशक आणि मग रेकॉर्ड कंपन्या मधे आल्या आणि ऐकणाऱ्याकडून आगाऊ पैसे घेण्याची गरज संपली. आगाऊ पैसे आता कंपनी द्यायची. पद्धत अशी : कंपनी बँडला उचल देते, त्यातून रेकॉर्डिंग होतं, आणि बँडच्या वाट्याच्या रॉयल्टीतून ती उचल पूर्ण फिटेपर्यंत बँडला पुढचा पैसा मिळत नाही. आपल्याकडच्या ऊसतोड मुकादमाची उचल ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. वर मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेक वेळा कंपनीची. आणि आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, रेकॉर्ड दुकानात विकली जायची. लाखभर प्रती खपल्या तरी त्या कुणी घेतल्या हे बँडला कळायचं नाही. मोझार्टकडे १७४ नावं होती. एखाद्या लोकप्रिय बँडकडे लाखो श्रोते होते आणि यादी जवळजवळ कोरी.

आता मॅरिलियन. हा इंग्लंडमधल्या एल्सबरी गावचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. १९८५ मध्ये त्यांचं 'केली' हे गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि 'मिस्प्लेस्ड चाइल्डहूड' हा अल्बम पहिल्या. मग मूळ गायक फिश १९८८ मध्ये बाहेर पडला, स्टीव्ह होगार्थ आला, फॅशन बदलली. १९९५ मध्ये ईएमआय कंपनीनं त्यांना सोडलं. छोट्या कंपनीकडे गेले. आपल्याकडे जसं "अजून आहेत का ते?" असं विचारतात, तसं त्यांच्याबद्दल विचारायची वेळ आली.

१९९७ मध्ये नवा अल्बम आला, पण अमेरिकेचा दौरा करायला कंपनी पैसे देईना. बँडचा कीबोर्ड वाजवणारा मार्क केली चाहत्यांच्या ईमेल-गटात लिहायचा. त्यानं तिथं सरळ सांगितलं, की दौरा केला तर सुमारे ६० हजार डॉलरचा खड्डा पडेल, म्हणून येत नाही. त्यावर अमेरिकेतल्या चाहत्यांनीच ठरवलं, की आपण खड्डा भरू. स्वतंत्र खातं उघडलं, जगभरातून वर्गणी गोळा केली, ६० हजार डॉलर जमवले. बँडचा या पैशांशी जमवताना काही संबंध नव्हता. कल्पना चाहत्यांची, खातंही चाहत्यांचं. आणि दौरा झाला.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की याला तेव्हा नावच नव्हतं. 'क्राउडफंडिंग' हा शब्द यायला अजून जवळपास दहा वर्षं होती. आपल्या गावात गणपतीची किंवा जत्रेतल्या तमाशाची वर्गणी जशी काढतात तशी ही काढली गेली. कार्यक्रम व्हायला हवा, पैसे कमी आहेत, चला काढूया.

यातून केलीला एक गोष्ट समजली. जी माणसं दौऱ्यासाठी पैसे पाठवतात ती अल्बमसाठीही पाठवतील. त्या छोट्या कंपनीबरोबरचा करार संपत आला होता. नवी कंपनी शोधायची म्हणजे पुन्हा उचल, पुन्हा मालकी तिची. २००० साली बँडनं आपल्याकडे ईमेल-पत्ते असलेल्या सुमारे सहा हजार चाहत्यांना विचारलं : अल्बम अजून लिहिलेला नाही, आत्ताच विकत घ्याल का? उत्तरं उत्साहाची आली, नोंदणी सुरू झाली आणि आकडा १२,६७४ वर गेला. या पैशांवर अल्बम लिहिला, वाजवला, रेकॉर्ड केला. २००१ च्या मे महिन्यात तो बाहेर आला, नाव 'अनोरॅक्नोफोबिया'. अनोरॅक म्हणजे टोपीवालं पावसाळी जाकीट, पण इंग्रजांच्या बोलीत एखाद्या छंदाच्या पार आहारी गेलेल्या माणसालाही अनोरॅक म्हणतात. लोक आमच्या चाहत्यांना असं हिणवतात काय, तर घ्या, अल्बमलाच ते नाव. आणि वेळेत पैसे भरलेल्यांच्या खास आवृत्तीच्या पुस्तिकेत त्यांची नावं छापली. बेथोव्हेनच्या त्रिकांसारखीच, फक्त इथं राजपुत्रांऐवजी पोस्टमन, शिक्षक आणि संगणकवाले.

एक बारकावा मात्र लक्षात घ्या. अल्बम दुकानांत पोचवण्यासाठी त्यांनी पुन्हा ईएमआयशीच करार केला. ज्या कंपनीनं सोडलं होतं तिच्याशी! पण आता वाटाघाट वेगळी होती, कारण रेकॉर्डिंगचा खर्च आधीच भागलेला होता आणि गाण्यांची मालकी बँडकडे होती. कंपनी फक्त पोचवणारी. २००४ मध्ये 'मार्बल्स'च्या वेळी चाहत्यांच्या आगाऊ पैशांतून जाहिरातीचा खर्च काढला गेला आणि 'यू आर गॉन' हे गाणं ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर आलं. १९८७ नंतर इतक्या वर त्यांचं गाणं पहिल्यांदाच गेलं होतं.

हे झालं अल्बमचं, म्हणजे तरी शेवटी पोस्टानं घरी येणाऱ्या वस्तूचं. आता नुसत्या फाइलींकडे वळू.

याचे सुरुवातीचे प्रयोग अमेरिकेत झाले. टॉड रंडग्रेननं १९९८ मध्ये 'पेट्रोनेट' नावाची वर्गणी सुरू केली. वर्गणी त्याला थेट द्यायची आणि तो नवं काम इंटरनेटवरून पाठवणार. २००१ मध्ये प्रिन्सनं 'एनपीजी म्युझिक क्लब' काढला. महिन्याला ७.७७ डॉलर, आणि नवी गाणी डाउनलोड. कंपनीशी भांडून, गालावर इंग्रजीत 'गुलाम' लिहून मंचावर वावरलेला हा माणूस, त्याला मधला माणूस नकोच होता. क्लब २००६ पर्यंत चालला. पण या दोघांच्याही वेळी बहुतेक घरांत फोनच्या तारेवरचं घरघरणारं इंटरनेट होतं. एक गाणं उतरायला चहा होऊन जायचा.

माझ्या मते या प्रकाराला खरा आकार दिला तो बर्लिनच्या 'आइन्श्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन'नं. नाव उच्चारताना माझी जीभ तीनदा वळते. अर्थ साधारण 'कोसळणाऱ्या नव्या इमारती'. १९८० सालचा बँड. वाद्यं म्हणजे पत्रे, पाइप, ड्रिल मशीन, भंगार. ब्लिक्सा बार्गेल्ड हा त्यांचा गायक. असल्या संगीताला कुठली कंपनी मोठी उचल देणार? २००२ मध्ये बार्गेल्डची पत्नी एरिन झू हिच्या पुढाकारानं त्यांनी 'सपोर्टर' योजना काढली. ठरावीक वर्गणी भरा. बदल्यात आम्ही स्टुडिओत काम करताना कॅमेरा चालू ठेवू, तुम्ही बघा, लिहून बोला, आणि शेवटी फक्त तुमच्यासाठी केलेला अल्बम मिळेल.

कॅमेरा चालू ठेवणं ही बाब वरवर पाहता करमणूक वाटते, पण मला तिच्यात हिशेबाची वही दिसते. आगाऊ पैसे दिलेल्या माणसाची मोठी धास्ती काय असते? काम चाललंय की नाही. इथं दिसतंय, की चाललंय. जमत नाहीये तेही दिसतंय. एक माणूस पत्रा वाजवतोय, दुसरा डोकं खाजवतोय. ते बघत असलेला वर्गणीदार "कधी मिळणार?" असं विचारत नाही. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या 'पालास्ट डेर रेपुब्लिक'मध्ये, म्हणजे पूर्व जर्मनीच्या रिकाम्या पडलेल्या संसदभवनात, त्यांनी वर्गणीदारांसाठी कार्यक्रम केला, आणि वर्गणीदारांनाच समूहगानात उभं केलं.

तिसऱ्या टप्प्यात त्यांनी दरमहा एक नवं गाणं वर्गणीदारांना डाउनलोडसाठी द्यायला सुरुवात केली. या मालिकेचं नाव 'ज्युवेल्स'. गाणं कसं करायचं तर बँडनं आपल्या जुन्या कामातल्या कल्पनांच्या शेकडो चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या. प्रत्येकानं चिठ्ठ्या उचलायच्या आणि जे निघेल त्यावरून वाजवायचं. शब्द बार्गेल्डनं लिहून ठेवलेल्या स्वप्नांतले. म्हणजे काय येणार आहे हे महिन्याच्या एक तारखेला स्वतः बँडलाही माहीत नसायचं! अशी १५ गाणी झाली, २००८ मध्ये त्यांची सीडीही निघाली. आणि याच वर्गणीवर २००७ चा 'आलेस वीडर ओफेन' हा अल्बम कुठल्याही कंपनीशिवाय प्रसिद्ध झाला.

कुठली कंपनी असतं काम मान्य करेल? चिठ्ठ्या टाकून, स्वप्नं गाऊन, महिन्याला एक. आगाऊ वर्गणीनं इथं खर्च भागवण्यापलीकडे काहीतरी केलं. विकण्याची घाई गेल्यावर कामाची जातच बदलली. मॅरिलियननं वर्गणीतून आपल्या नेहमीच्या तऱ्हेचा अल्बम केला, आणि चांगला केला. नॉयबाउटेननं वर्गणीशिवाय जन्मलाच नसता असा प्रकार केला. मला दुसरा मोठा वाटतो, पण इथं माझी आवड बोलतेय.

या दोन्ही ठिकाणी यादी आणि पैसे कुणाकडे होते? दोन्ही बँडकडे. मधे कुणी नाही. याचा त्रासही असतो. पत्ते सांभाळा, परदेशी कार्डांचे पैसे घ्या, रागावलेल्यांना उत्तरं द्या. सगळ्या बँडना हे जमणारं नव्हतं. म्हणून मध्यस्थ आले.

२००३ मध्ये 'आर्टिस्टशेअर' सुरू झालं. त्यातून पैसे उभे करून जॅझ संगीतकार मारिया श्नायडरनं 'कॉन्सर्ट इन द गार्डन' केला आणि दुकानात न विकलेल्या त्या अल्बमला २००५ चं ग्रॅमी मिळालं. २००६ मध्ये ॲमस्टरडॅमचं 'सेलाबँड' आलं, २०१० मध्ये दिवाळखोरीत गेलं. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर अमांडा पामरनं एक लाख डॉलर मागितले आणि २४,८८३ लोकांनी मिळून जवळपास बारा लाख दिले. लगेच तिच्यावर टीकाही झाली, कारण दौऱ्यात स्थानिक वादकांना तिनं मानधनाशिवाय वाजवायला बोलावलं होतं. पुढं तिनं त्यांना पैसे दिले. आगाऊ पैसे देणारा माणूस स्वतःला थोडा भागीदार समजतो आणि भागीदारासारखा जाबही विचारतो, हे तिथं दिसलं.

आणि २००९ मध्ये निघालं होतं 'प्लेजम्युझिक'. खास संगीतासाठी. १५ टक्के कापून घ्यायचे आणि बाकी रक्कम कलाकाराला टप्प्याटप्प्यानं द्यायची. चाहत्याला मधल्या काळात रेकॉर्डिंगचे व्हिडिओ, कच्ची गाणी, पत्रं मिळायची. म्हणजे नॉयबाउटेनच्या कॅमेऱ्याचीच कल्पना, तयार साच्यात. शेकडो बँडनी ते वापरलं. स्वतः मॅरिलियननंही २०१६ च्या अल्बमची आगाऊ विक्री तिथून केली, आणि तो अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला.

२०१८ पासून कलाकारांचे पैसे थकू लागले. २०१९ च्या सुरुवातीला बँड उघडपणे चाहत्यांना सांगू लागले, की तुम्ही दिलेले पैसे आमच्यापर्यंत आलेलेच नाहीत. चाहत्यांचे पैसे वेगळ्या, हात न लावता येणाऱ्या खात्यात ठेवलेले नव्हते. ते कंपनीच्या रोजच्या खर्चात मिसळले गेले होते. जुलै २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयानं कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

अशा वेळी पैसे देणाऱ्याची जागा कुठं असते ते कायद्याच्या भाषेत फार थंडपणे सांगितलेलं असतं : विनातारण धनको. रांगेत आधी तारण असलेले, मग इतर हक्काचे देणेकरी, आणि शेवटी, उरलं तर, आपण. तुम्ही मनानं बँडला दिलेले २० पौंड कागदावर एका बुडालेल्या कंपनीला दिलेलं कर्ज ठरतं. आणि बँड? तोही त्याच रांगेत तुमच्या शेजारी उभा. काही बँडनी अशा स्थितीत खिशातले पैसे घालून चाहत्यांना अल्बम पाठवले, कारण त्यांच्या लेखी शब्द त्यांनी दिला होता. काहींना ते परवडलं नाही.

माझेही थोडे पैसे एका मध्यस्थाकडे असेच गेले. वेगळा मध्यस्थ, नाव घेत नाही. चार छोट्या डिजिटल अल्बमची आगाऊ वर्गणी होती, दोन आले आणि मग संकेतस्थळच बंद झालं. मध्यस्थाकडून एका ईमेललाही उत्तर आलं नाही. बँडकडून मात्र सहा महिन्यांनी पत्र आलं, तेही एका जुन्या वर्गणीदारानं माझा पत्ता त्यांना कळवला म्हणून. आमचे पत्ते बँडकडे नव्हतेच, ते मध्यस्थाकडे होते आणि त्याच्याबरोबर बुडाले. पैशांचं मला फार वाटलं नाही, रक्कम लहान होती. पण मी कुणाला पैसे दिले हे त्या बँडला माहीत नव्हतं, हे मात्र लागलं.

या घटनेनंतर मला एकदम 'मंथन' आठवला. श्याम बेनेगलांचा, १९७६ चा, पटकथेत आपले विजय तेंडुलकर. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो केला, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यांनाही सिनेमा कसा होईल हे माहीत नव्हतं. पण पैसे गोळा झाले ते गावोगावच्या सहकारी दूध संस्थांमधून, जिथं प्रत्येक सभासदाचं नाव रोज सकाळ-संध्याकाळ वहीत चढत होतं. पाच लाख माणसांची यादी आधीपासून तयार होती, आणि ती त्यांच्याच संस्थेची होती. सिनेमा लागला तेव्हा हे शेतकरी गाड्या भरभरून तो बघायला गेले, कारण तो त्यांचाच होता.

आता आजचं. २०१३ मध्ये आलेल्या 'पेट्रिऑन'चा एक संस्थापक जॅक कॉन्टी हा स्वतः 'पॉम्प्लामूस' या जोडगोळीतला वादक. त्यांनी सुरुवातीला युक्ती अशी केली, की नवं गाणं आलं की त्या गाण्याचे ठरलेले पैसे कापायचे. आधी शब्द द्यायचा, पैसे मागून. धोका पुष्कळ कमी झाला, पण मोठ्या रेकॉर्डिंगसाठी हातात एकरकमी भांडवल येणंही कमी झालं. 'बँडकॅम्प'नं २०१४ च्या सुमारास कलाकारांना स्वतःची वार्षिक वर्गणी काढायची सोय दिली. तिथं खरेदी करणाऱ्याचा ईमेल कलाकारापर्यंत पोचतो, आणि एवढ्या इतिहासानंतर ही बारीक सोय मला फार महत्त्वाची वाटते. पण बँडकॅम्प २०२२ मध्ये एका गेम कंपनीनं विकत घेतलं, २०२३ मध्ये दुसरीला विकलं, आणि त्या वेळी निम्म्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून मी ज्या बँडना पैसे देतो त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो, की तुमच्याकडे तुमची स्वतःची यादी उतरवून ठेवली आहे ना? एकदा एकानं उलट विचारलं, "तुम्ही ऑडिटर आहात का?"

स्ट्रीमिंगबद्दल दोनच वाक्यं, कारण तो वेगळा भाग होईल. तिथं आपण दरमहा पैसे भरतो ते सगळ्या जगाच्या गाण्यांसाठी, आणि कुठल्याही बँडला आपलं नाव कळत नाही. दुकानातल्या कॅसेटच्या दिवसांसारखंच, यादी पुन्हा कोरी.

मॅरिलियन अजून वाजवतात. २०२२ मध्ये त्यांचा अल्बम ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला, वयाची साठी ओलांडलेल्या माणसांचा. नॉयबाउटेननं २०२० चा 'आलेस इन आलेम' पुन्हा वर्गणीदारांना हाताशी धरूनच केला. दोघांकडेही जुन्या यादीतली कितीतरी नावं आजही आहेत.

पुढच्या भागात कॅसेटच्या दिवसांबद्दल बोलू, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या फुटपाथवर कोऱ्या कॅसेटमध्ये हवी ती गाणी भरून देणाऱ्यांबद्दल. तुम्ही कुणाकडून भरून घेतली असतील तर त्या आठवणी जरूर पाठवा.